पाकिटावरची सुवर्णा

मला लिहिण्याची सवय नाही. यात काही चुकलं असेल तर ते माझं. सुवर्णाने कधी चुकीचं सांगितलं नव्हतं.

सुवर्णा आमच्या गावच्या दयाराम तायडेची मुलगी. गाव जळगाव जामोदपासून बसने अर्ध्या तासावर. आठवी ते दहावी मी तिला विज्ञान शिकवलं. दयाराम लवकर गेला. आई भिमाबाई बायांच्या टोळीबरोबर कपाशीचं बी टोबायला, म्हणजे एकेक करून मातीत खोचायला, आणि निंदायला जायची. सुट्टीत सुवर्णाही तिच्या शेजारची पात, म्हणजे कामाची ओळ, धरायची. पुढे ती शिकत शिकत जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत पोचली.

तिचं काम समजून घ्यायला मला तीनदा फोन करावा लागला. हवा काढून टाकलेल्या एका प्रचंड गोल नळीत विद्युतभार असलेले अणू, म्हणजे आयन, अफाट वेगाने फिरत असतात. सगळ्यांचा वेग सारखा नसतो. काही पुढे धावतात, काही मागे पडतात, आणि या धांदलीलाच तिथे उष्णता म्हणतात. समोरून लेसरचा प्रकाश टाकला की पुढे धावणारे मागे रेटले जातात, धांदल कमी होते, म्हणजेच आयन थंड होतात. पण एकाच रंगाचा सलग प्रकाश एकाच वेगाच्या आयनांना पकडतो. सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही छोटा प्रकाशाचा झपका मारला, तर त्यात पुष्कळ रंग असतात आणि निरनिराळ्या वेगांचे आयन एकदम सापडतात. मात्र झपका आणि आयनांचा घोळका नेमके भेटायला हवेत. ती वेळ जुळवायचं काम सुवर्णाचं.

२०१८च्या मे महिन्यात ती गावी आली. आदल्या हंगामात अळी लागणार नाही म्हणून विकलेली बीटी कपाशी गुलाबी बोंडअळीने आतून खाऊन टाकली होती. लोक कंपनीवर, सरकारवर आणि एकमेकांवरही चिडलेले होते. बियाण्याचे दुकानदार चंद्रशेखर शेठ यांनी सुवर्णाचा सत्कार ठरवला आणि बॅनरसाठी माझ्याकडे मजकूर मागितला. मी लिहून दिलं, "लेसरच्या झपक्याने आयनांना थंड करणारी आपल्या गावची लेक."

सत्कार दुकानासमोरच्या मांडवात झाला. शाल-नारळ झाल्यावर शेठनी एक पाकीट उंच धरलं. त्यावर सुवर्णाचा फोटो, खाली माझी ओळ आणि वर ठळक अक्षरांत 'लेसरने थंड केलेले कपाशी बियाणे'.

"बोल पोरी, या बियाण्याबद्दल दोन शब्द सांग."

सुवर्णाने पाकीट हातात घेऊन उलटूनपालटून पाहिलं. "शेठ, हे मी आज पह्यल्यांदा पाहून राह्यली. आमचा लेसर बियाण्याले लागतच नाही. अन् बियाणं थंड करून अळीले काय फरक पडते?"

कोणीतरी हसलं. मग तिने समजावून सांगायचा प्रयत्न केला. "टोबतांना एखादी बाई पुढं पळाली त आपण तिले मागं बोलावतो न? सगळ्या एका रांगेत राह्याव्या म्हणून. आमचं काम तसंच हाये."

टोळीची मुकादम सोजराबाई उठून उभी राहिली. "आमाले टोबणं शिकवाले जर्मनीहून आली काय वं? अळीवर औषध सांग. नसन त बस खाली!"

"यायले शिकवा, मोठं करा, अन् हे आपल्यालेच खोटं पाडतात," मागून एक जण म्हणाला. 'यायले' म्हणजे कोणाला, हे बौद्धवाड्यातून आलेल्या भिमाबाईला विचारावं लागलं नाही. तिने मान खाली घातली.

शेठनी माइकवर हात ठेवला. आवाज गोड होता, मी शेजारीच असल्याने ऐकला. "तू विमानानं जाशीन बाई. तुही माय इथंच टोबाले जाईन."

"मंग मायच्या समोरच सांगते," सुवर्णा म्हणाली. "हे बियाणं माह्यं नाही. माह्यं नाव काढा." मग ती माझ्याकडे वळली. "सर, ओळ तुमची आहे. तुम्ही सांगा यांना."

मी खुर्चीवरून उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी तिने तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार दिली. मजकूर बियाण्यासाठी नव्हता असं लिहिणाऱ्याने लेखी द्यावं, म्हणजे पाकिटं ताबडतोब थांबवतो, असं ते म्हणाले. ती माझ्याकडे आली. "सर, फक्त एक पान. लोकांनी पाकिटं नेण्याआधी."

मी म्हणालो, विचार करतो. तिच्या आधी शेठ येऊन गेले होते. "मास्तर, या वयात कायले साक्षीदार होता?" एवढंच बोलून चहा पिऊन गेले.

ती येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी ते पान दिलं. तोवर दुकानातली बहुतेक पाकिटं गेली होती. भांडणाने त्यांचं नाव झालं होतं. लोक येऊन "ते थंडवालं द्या" म्हणत. उरलेली अधिकाऱ्यांनी जप्त केली. सुवर्णाची सुट्टी संपली, ती गेली. जूनमध्ये गावाने तिच्या फोटोची पाकिटं फोडून पेरणी केली.

पेरणीला भिमाबाईला पात मिळाली नाही. सोजराबाई भर रस्त्यात म्हणाली, "तुही पोरगी आमाले रांगेत लावते. तू बस घरी थंड!" भिमाबाई दोन कोस चालून दुसऱ्या गावच्या टोळीत जाऊ लागली.

ऑगस्टमध्ये जप्त बियाण्याच्या तपासणीचा अहवाल आला. बीटीच्या पाकिटासोबत साध्या, म्हणजे बीटी नसलेल्या, बियाण्याची एक पुडी येते, शेताच्या कडेने लावायची. बहुतेक जण ती बांधावर फेकून देतात. शेठनी तसल्या पुड्या गोळा करून, त्यातलं बी रंगवून सुवर्णाच्या फोटोच्या पाकिटांत भरलं होतं.

मी अहवाल घेऊन भिमाबाईकडे गेलो. ती दारात डाळ पाखडत होती. सुवर्णाचं खरं निघालं, असं मी सांगितलं.

"तिचं खरं हाये, हे तिले त्याच दिशी माहीत होतं," ती सुपातून नजर न काढता म्हणाली. "तुमालेही होतं, मास्तर. मंग तीन दिवस काऊन लावले?"

तिने मला बसायला सांगितलं नाही. अहवाल तसाच घेऊन मी परत आलो.