कचरा काढल्याची नोंद

हाताने केलेल्या कामाचं कौतुक मला सांगू नका. लोणचं हाताने घाला, स्वेटर हाताने विणा, माझी ना नाही. सर्व्हरच्या फाइलीला मात्र हात लावायचा नाही. असल्या हातांनी करून ठेवलेली घाण मी जन्मभर उपसली. त्यामुळे या विषयावर माझं तोंड जरा कडू आहे, आणि ते गोड करून घ्यायची मला हौसही नाही.

शहराच्या सदर भागात एका चपलांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. शहरातल्या पॅथॉलॉजी लॅब आणि लहान दवाखाने हे आमचं गिऱ्हाईक. रक्त तपासलं की रिपोर्ट आमच्या मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर, यायचा आणि तिथून डॉक्टरकडे जायचा. अशी बेचाळीस मशीन होती, सगळी युनिक्सच्या घराण्यातली. त्यांनी कसं वागायचं ते साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेलं असतं: आत कोणाला घ्यायचं, घड्याळ कोणाचं मानायचं, रिपोर्ट कुठे ठेवायचा. अशा फाइलीला कॉन्फिग फाइल म्हणतात. आणि साधा मजकूर म्हटल्यावर काय, ज्याला लिहिता येई तो येऊन लिहून जाई. लिहिण्याआधी जुन्या फाइलीची प्रत काढून ठेवायची, एवढीच आमच्याकडची शिस्त. एका मशीनवर एकाच फाइलीच्या प्रती सापडल्या, त्यांची नावं अशी: जुनी, जुनी दोन, फायनल, खरंच फायनल, आणि शेवटची ‘हात लावू नये’. सगळ्यात जास्त हात तिलाच लागलेले होते.

ऑफिसही त्याच लायकीचं. एका मे महिन्यात एसीचं बिल पाहून आमच्या मॅनेजरांनी सर्व्हरच्या खोलीत कूलर बसवायची सूचना केली होती. पाण्याचा कूलर, वाळ्याच्या ताट्यांसकट, सर्व्हरच्या तोंडासमोर! दसऱ्याला सर्व्हरच्या कपाटांना झेंडूच्या माळा घालायचे. एका वर्षी पाकळ्या पंख्यात अडकून मशीन तापलं आणि बंद पडलं, तर हेच गृहस्थ म्हणाले की यंदा पूजेत काहीतरी कमी राहिलं असेल.

हे सगळं उभं केलं होतं काकाजींनी. काकाजी माझे सीनियर, शहराच्या महाल भागात राहणारे. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिली कमांड त्यांनीच मला शिकवली, हे कबूल केलं पाहिजे. पण माणूस पक्का हातवाला. प्रत्येक मशीनशी स्वतः बोलल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते रिटायर झाले आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. निरोप समारंभात शाल झाली, श्रीफळ झालं, आणि मॅनेजर गळा भरून म्हणाले, “काकाजी, हे ऑफिस तुमचंच आहे. केव्हाही या.”

हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक निरोप समारंभात म्हणतात. ते खोटं आहे हे म्हणणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्याला ठाऊक असतं आणि समोसे वाटणाऱ्यालाही ठाऊक असतं. काकाजींना नव्हतं.

पुढे तीन वर्षांनी मी माझ्या मनासारखं काम हातात घेतलं. सगळ्या फाइली एका जागी आणायच्या, प्रत्येकीची एकच खरी प्रत ठेवायची, आणि दर अर्ध्या तासाने बेचाळीसही मशीननी त्या प्रतीकडे बघून स्वतःला दुरुस्त करायचं. कोणी मशीनवर जाऊन हाताने एखादी ओळ घुसवली, तर अर्ध्या तासात ती पुसली जाणार. बदल करायचा असेल तर खऱ्या प्रतीत करा, आणि कारण लिहा. कारण लिहिल्याशिवाय बदल स्वीकारलाच जाणार नाही, अशी सोय मी मुद्दाम केली. ऑफिसातल्यांनी नाकं मुरडली. एक जण तर म्हणाला, “मंग आम्ही काय करून राहिलो इथं?” मी म्हटलं, तेच तर मी इतकी वर्षं विचारतोय.

सगळ्यात आधी हातात घेतली ती आत येणाऱ्यांची यादी. ती वाचताना लाज वाटली. नोकरी सोडून गेलेले लोक तिच्यात होते, कधीकाळी आलेले एसीवाले होते, एक तर वारलेला माणूस होता. त्याचं दार अजून उघडं! आणि काकाजी होते. मी एका झटक्यात सगळे काढले, आम्ही पाच जण तेवढे ठेवले. कारणाच्या जागी, आमच्याकडे सगळे लिहितात तसं रोमन अक्षरांत मराठी लिहिलं: कचरा काढला. मग खाली जाऊन तर्री पोहे खाल्ले. परत येईपर्यंत बेचाळीस मशीन स्वच्छ झालेली होती. इतकं समाधान मला लग्नातसुद्धा झालं नसेल.

चौथ्या दिवशी रिपोर्ट अडकले. एका मोठ्या लॅबच्या मशीनची डिस्क जुन्या फाइलींनी गच्च भरली होती. लॅबवाले फोनवर ओरडत होते, आणि ऑफिसात ज्यांना माझा राग होता ते एकदम आनंदी दिसायला लागले. मी जुन्या नोंदी उघडल्या. या फाइली इतकी वर्षं कधीच का साचल्या नाहीत, हे बघायचं होतं.

कारण त्या कोणीतरी रोज पुसत होतं. रोज सकाळी सव्वासहाला, तीन वर्षं, एकही खाडा न करता, काकाजी महालातल्या घरी बसून लॅपटॉपवरून आत येत होते. डिस्क बघायचे, आदल्या दिवसाचा पसारा आवरायचे, घड्याळ बरोबर आहे का ते तपासायचे आणि निघून जायचे. पुढचं मशीन. मग त्याच्या पुढचं. पाऊण तासात आमच्या सगळ्या घरातून झाडू मारून बाहेर.

मला कौतुक वाटलं असेल असं कोणाला वाटत असेल तर ते चूक आहे. माझं डोकं फिरलं. रिटायर झालेला माणूस रोज लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट असलेल्या मशीनवर येतो, फाइली पुसतो, आणि ऑफिसला पत्ता नाही! मी चार ओळी लिहिल्या, खऱ्या प्रतीत टाकल्या, आणि तो पसारा त्या दिवसापासून आपोआप आवरला जाऊ लागला. तीन वर्षं हा माणूस पहाटे उठून जे करत होता ते चार ओळींचं काम निघालं. हे मी दिवसभर ज्याला त्याला ऐकवलं.

दोन दिवसांनी काकाजी स्वतः आले. कापडी पिशवीत लॅपटॉप, कपाळावर घाम. जिना चढून धाप लागली होती. माझ्यासमोर बसले आणि हळूच म्हणाले, “माह्या लॅपटॉपमंधी काही बिघाड झाला गा. हप्ता झाला, आत जाताच येऊन नाही राहिलं. दुकानात देला, त्यानं सारं पुसून नवीन टाकून देलं, तरी तेच. तू जरा पाहून देतं का?”

दुकानदाराने चांगल्या लॅपटॉपची वाट लावली होती. मी तो पिशवीतून बाहेरसुद्धा काढू दिला नाही.

“लॅपटॉप ठीक आहे, काकाजी. मीच काढलं तुम्हाला.”

“काहून गा?”

“तुम्ही रिटायर झाले.”

“साहेब तर म्हणे, ऑफिस तुमचंच आहे म्हणून.”

मी हसलो. एकटा नाही, मोठ्याने, इतरांकडे बघून. बाकीचेही हसले. काकाजींना आधी वाटलं काहीतरी गंमत झाली, म्हणून तेही थोडेसे हसले, आणि मग थांबले.

मग त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यांच्या देखत सांगितलं, तेव्हाच मी त्यांना आतल्या खोलीत न्यायला हवं होतं. घरी त्यांनी सांगून ठेवलं होतं की सकाळचं काम अजून त्यांच्याकडेच आहे. सहा वाजता सून पोरांना दुसऱ्या खोलीत नेते, टीव्ही लावू देत नाही. आजोबांचं ऑफिस चालू आहे म्हणते. हप्ताभर ते बंद पडद्यासमोर पाऊण तास बसून उठत होते. “घरी काय सांगू मी?” त्यांनी विचारलं. “एखाद्या लहान मशीनवर तरी राहू दे गा मले. पुसत नाही काही. नुसतं पाहीन.”

ते करता आलं असतं. आमच्याकडे सरावासाठी ठेवलेलं एक मशीन होतं, त्यावर ना रिपोर्ट होते ना कोणाचं काही. एक ओळ टाकायची होती. पण तेव्हा मला नियम सुचत होते. मी त्यांना उलट माझी नवी व्यवस्था दाखवायला बसलो. त्याच सराव मशीनवर त्यांच्याकडूनच एक ओळ लिहून घेतली आणि म्हटलं, बसा, चहा घ्या. अर्ध्या तासाने ती ओळ गायब झालेली त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

“चांगलं आहे,” ते म्हणाले. “हात लागूच देत नाही.”

“आणि ते डिस्कचं काम चार ओळींत झालं,” मी म्हटलं. तेवढं म्हटल्याशिवाय मला राहवलं नाही.

“मले इचारलं असतं तर मीच देल्या असत्या चार ओळी. पण इचारत कोणी नाही, म्हणून आपलं मी पुसत राहिलो.”

मग मी बदलांच्या नोंदी उघडल्या. कोणी, केव्हा, काय बदललं आणि का, हे सगळं कसं राहतं ते दाखवायला. मिरवायची धुंदी असते तशी. यादीतून काढलेल्यांत त्यांचं नाव होतं, आणि पुढे कारण. ते मी विसरलो होतो. काकाजींनी बोट ठेवून ती ओळ वाचली, एकेक अक्षर लावत. मी पडदा बंदही करू शकलो नाही.

त्यांनी बोट उचललं. मग म्हणाले, “नोंद चांगली ठेवून राहिला तू. तारीख आहे, टाइम आहे. आमच्या जमान्यात मी किती बोंबललो नोंद ठेवा म्हणून. कोणी ठेवली नाही.”

आणि पिशवी उचलून गेले. घरी काय सांगितलं ते मला कळलं नाही. मी विचारायलाही गेलो नाही. महाल सदरहून काही लांब नाही.

त्या दिवसानंतर मी व्यवस्थेत एक सुधारणा केली: यादीतून ज्याला काढलं जाईल त्याला त्याच क्षणी मेल जावा, काय बदललं आणि का, हे त्यात यावं. दया म्हणून केली असं समजू नका. पुन्हा कोणी पिशवी घेऊन येऊ नये आणि माझा अर्धा दिवस खाऊ नये, म्हणून केली. ‘कचरा काढला’ हे कारण मात्र ऑफिसात चालूच राहिलं. नवीन येणारे जुन्या नोंदी बघून लिहायला शिकतात. माझं वाक्य छोटं होतं, सगळ्यांना सोयीचं पडलं. मी कधी कोणाला टोकलं नाही.

मागच्या वर्षी मी रिटायर झालो. शाल झाली, श्रीफळ झालं, मॅनेजर दुसरे होते पण गळा त्यांचाही वेळेवर भरून आला. “हे ऑफिस तुमचंच आहे, सर. केव्हाही या.” मी मनात म्हटलं, बोल बाबा, मी काही काकाजी नाही. माझ्या जागी बसणारी बाई मीच तयार केलेली. फार हुशार, नियमाला पक्की. तिला निघताना मी आठवण करून दिली की माझं नाव आजच्या आज यादीतून काढ, उद्यावर टाकू नको. ती म्हणाली, “हो सर, तुमी घरी पोहोचायच्या आत होऊन जाते.”

घरी पोहोचलो. नारळ टेबलावर ठेवला, शाल खुर्चीवर टाकली. बायको चहा ठेवत होती. फोन वाजला म्हणून बघितलं तर मेल होता, माझ्याच व्यवस्थेने पाठवलेला, मी ठरवून दिलेल्या साच्यात. माझं नाव. तारीख. वेळ, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं. एक ओळ कमी केली. कारण: कचरा काढला.

तिच्या मनात काही नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. आधीच्या नोंदीत जे लिहिलेलं होतं ते तिने लिहिलं. तिला मीच शिकवलं होतं. तरी फोन करून चार शब्द सुनावावेत म्हणून मी तिचा नंबर काढलादेखील.

मग महालातला तो म्हातारा आठवला, बोट ठेवून एकेक अक्षर लावणारा. माझ्या नोंदीत तारीख होती, वेळ होती, सगळं जागच्या जागी होतं, आणि त्याने तेवढ्याचं का होईना, माझ्या तोंडावर कौतुक केलं होतं. मी फोन न करता तो टेबलावर ठेवला. तिचं कौतुक करायला मला जमलं नाही.