गालगुच्चीचे हात

वॉर्डातल्या मावशीला सगळे गालगुच्ची म्हणत. पेशंट बोबडं बोलणारा असो की काठी टेकणारा, चादर बदलून झाली की ती त्याचा गालगुच्चा घ्यायचीच. "काय रे लबाडा, पळाला ना ताप? पळणारच! मला टरकतो तो!" भल्याभल्या मिशाळांचे गालही तिच्या तावडीतून सुटले नव्हते.

मग हातांवरून जंतू कसे फिरतात ते शिकवायला ट्रेनिंगची सिस्टर आली. तिचं एक होतं, प्रश्नही तीच विचारायची आणि उत्तरही तीच द्यायची. "जंतू दिसतात का? नाही दिसत. म्हणजे नसतात का? असतात!" पेशंटांना विश्वासात घेऊन तिने सकाळीच एका कॉटच्या दांडीला निळ्या दिव्यात चमकणारी, निरुपद्रवी पावडर लावून ठेवली. दुपारी पडदे ओढले आणि निळा दिवा फिरवला. आधी दांडी चमकली. मग एकेक गाल. प्रत्येकावर दोन बोटं.

वॉर्डबॉय खो खो हसला. "मावशी, सगळ्यांवर सही करून ठेवलीत की!"

मावशीने हात एप्रनच्या खिशात घातले.

दुसऱ्या दिवसापासून चादरी बदलल्या जात, ताटं येत, गाल मात्र कोरडे. खिडकीजवळच्या आजोबांना भेटायला कुणी येत नसे. छातीत कफ, अंगात त्राण नाही, आणि मावशीने गालाला हात लावून दटावल्याशिवाय घास उतरत नसे. त्यांनी ताट सरकवलं.

"रुसलीस होय गं?"

"रुसू कशाला, आजोबा? माझे हातच वाईट निघाले."

मागे उभ्या सिस्टरने ते ऐकलं. "हात वाईट आहेत का?" तिने विचारलं, आणि उत्तर द्यायच्या आधी मावशीचे हात हातात घेतले. मग हळूच म्हणाली, "मावशी, मी हात लावू नका म्हटलं नव्हतं. एका गालावरून दुसऱ्या गालावर जाताना मध्ये धुवा, एवढंच."

"आणि एखाद्या वेळी राहून गेलं तर? यांना माझ्यामुळे काही झालं तर मी कुठे तोंड लपवू?"

सिस्टर तिला बेसिनपाशी घेऊन गेली. तिच्या हातांना पावडर चोळली, मग दोघींनी मिळून हात धुतले. तळवे, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या. निळ्या दिव्याखाली अंगठ्याच्या नखाशी एक ठिपका लुकलुकला. पुन्हा धुतले. आता काही म्हणजे काही चमकेना. मावशी स्वतःच्याच हातांकडे नव्या बाळाकडे बघावं तशी बघत राहिली.

"झाली परीक्षा," म्हणत सिस्टरने स्वतःचा गाल पुढे केला. मावशीने असा गुच्चा घेतला की सिस्टर "आई गं!" म्हणाली, आणि डोळे पुसत हसली.

मावशी लगबगीने आजोबांकडे निघाली. अर्ध्या वाटेत थबकली, हाताकडे पाहिलं. "अगंबाई, हा तर सिस्टरचा गाल झाला!" आणि आपण होऊन बेसिनकडे वळली.

"ताट निवतंय, आजोबा!" शेजारचा पेशंट ओरडला.

आजोबा गाल पुढे करूनच बसले होते. "निवू दे की. हात वाळू देत तिचे."