बिनगिलाव्याचं सभागृह

बीडला आमच्या भागातलं सभागृह कुणालाच आवडत नव्हतं. नुसतं उघडं काँक्रीट, ना गिलावा, ना रंग. पैसे संपले असतील, असं लोक म्हणत. खरं कारण मला ठाऊक होतं, कारण त्याची सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा फळ्यांचा साचा, वडिलांनी केली होती. फळ्यांचे ठसे भिंतीवर तसेच दिसू द्यायचे, असं बाहेरून आलेल्या आर्किटेक्टनं सांगितलं होतं. म्हणून वडील एकेक फळी निवडून लावायचे. लाकडाच्या शिरा, गाठी त्या भिंतीवर हाताला लागायच्या.

नव्वद सालानंतर जागांना भाव आला आणि तिथं दुकानांचं कॉम्प्लेक्स करायचं ठरलं. मी तेव्हा नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता होतो. इमारत तपासायला मलाच पाठवलं. हातोडीनं सगळीकडे ठोकून पाहिलं, आवाज खणखणीत होता. उत्तरेचा एक कोपरा तेवढा गळत होता.

त्याच आठवड्यात एक निवृत्त मास्तर अर्ज घेऊन कचेरीत आले.

"मलाबी ती इमारत आवडत न्हाई," ते म्हणाले. "पण आपलं गाव एकदा असं काही बांधायला धजलं होतं, हे पोरांना कशावरून कळावं? दुरुस्त करा, पण राहू द्या."

साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. मास्तर गेल्यावर मला म्हणाले, "धोकादायक लिहा. वरून ठरलंय."

मी लिहिलं. सही नेहमीसारखीच आली.

संध्याकाळी जेवताना वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुठं गळतंय?"

"उत्तरेच्या कोपऱ्यात."

"तितं स्लॅब भरताना पाऊस आलता. बाकी?"

"बाकी चांगलंय."

"मग धोकादायक कावून लिहिलं?"

मी आमटी वाढून घेतली.

पाडायला फार दिवस लागले. काँक्रीट फुटता फुटत नव्हतं. देखरेख माझ्याकडेच होती. मास्तर एकदा येऊन रस्त्यापलीकडे उभे राहिले, त्यांनी ओळख दाखवली नाही. ठशांचे तुकडे ट्रॉलीत भरून कुठल्याशा रस्त्याच्या भरावाला गेले. माझ्या आत काहीतरी हलेल म्हणून मी वाट पाहत होतो. हललं नाही.

कॉम्प्लेक्स झाल्यावर वडील तिथून चपला घेऊन आले.

"दुकान कसंय?" मी विचारलं.

"बरं हाय. फरशी लई गुळगुळीत हाय," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.