साक्ष दिली आणि गोळ्या सोडल्या

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, उजव्या छातीच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं आणि म्हणाले, "रिलॅप्स." म्हणजे बरा होत आलेला आजार उलटणं. माझा टी.बी., आपण ज्याला क्षय म्हणतो तो, उलटला होता. फिल्म टेबलावर ठेवून त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "गोळ्या कधी सोडल्या?"

"सोडल्या नाहीत," मी म्हणाले.

धडधडीत खोटं. शेजारी माझे यजमान, शांतवन, उभे होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

हे मी लिहिते आहे ते माझ्यासारख्या शहाण्यांसाठी. बरं वाटायला लागलं की ज्यांना गोळ्या नकोशा होतात, त्यांच्यासाठी.

आणीबाणी उठून वर्षभर झालं होतं. आम्ही नाशिकला चर्चच्या आवारातच दोन खोल्यांत राहायचो. हे आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेवाकार्याची जीप चालवायचे. दर पंधरा दिवसांनी सुरगाण्याच्या पाड्यांवर औषधं, कपडे, दुधाची भुकटी घेऊन जायचे आणि झाडाखाली बसून येशूचं शुभवर्तमान सांगायचे. मी चर्चमधल्या पोरांचं संडे स्कूल घ्यायची. आमची रूथ तेव्हा चार वर्षांची होती.

पहिल्यांदा क्षय सापडला तेव्हा दोन महिने रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन घेतलं. बसायची पंचाईत व्हायची, पण ताप गेला, खोकला गेला, वजन वाढलं. त्यापुढे दीड वर्ष गोळ्या खायच्या होत्या. दीड वर्ष! मला वाटलं, डॉक्टर लोकांना सांगायला काय जातं.

तेवढ्यात आमचं वार्षिक कन्व्हेन्शन आलं. मांडवात तीन दिवस सभा, गाणी, साक्षी. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उठून सांगायचं. हे म्हणाले, "एस्तेर, तू उभी राहा." उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातला हा माणूस. पण यांना कशाला बोल लावू? मलाच उभं राहायचं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "प्रभूनं मला पूर्ण बरं केलं आहे." बायका रडल्या. मीही रडले. त्या क्षणी मला ते खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्यांची पुडी हातात घेतली आणि थबकले. पूर्ण बरं केलं म्हणालीस ना? मग हे काय? पुडी कपाटात ठेवून दिली. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी गोळ्या सोड असं कधी म्हटलं नव्हतं, हे इथं स्पष्ट लिहिते. आमचं आम्हीच ठरवलं.

ती साक्ष माझ्या फोटोसकट मिशनच्या पत्रकात छापून आली. आमच्या सेवाकार्याला मदत करणारी एक मंडळी सातासमुद्रापार होती, तिथंही ती गेली. तिकडून पत्रं आली. एका म्हातारीनं लिहिलं होतं, मी रोज सकाळी तुझं नाव घेऊन देवाचे आभार मानते. आणि हे सुरगाण्याला जाऊन माझीच गोष्ट सांगायला लागले.

सहा महिन्यांनी खोकला परत आला. मी पदर तोंडात कोंबून खोकायची. संध्याकाळी अंगात कसकस असायची, तरी पावडर लावून उपासनेला जायची. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात मी पटाईत झाले होते. शेवटी संडे स्कूलच्या पोरांसमोर रक्ताची गुळणी आली, तेव्हा लपवायला काही उरलं नाही.

डॉक्टरांनी मला वॉर्डात घेतलं. थुंकीत जंतू सापडले. तिसऱ्या दिवशी ते खाटेजवळ आले आणि समजावून म्हणाले, "बाई, नीट ऐका. नियमित गोळ्या घेऊनही आजार उलटला असेल, तर जंतू या औषधांना जुमानत नाहीत. याला रेझिस्टन्स म्हणतात. मग माझ्या हातात फारसं काही नाही. मुंबईला पाठवावं लागेल, कदाचित फुफ्फुसाचा तुकडा काढावा लागेल. पण मध्येच सोडल्या असतील, तर जुनीच औषधं लागू पडण्याची आशा आहे. थुंकीची कल्चर टेस्ट, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, तिचा निकाल यायला दोन महिने लागतात. तेवढा वेळ तुमच्याकडे दिसत नाही. म्हणून विचारतो. सोडल्या होत्या का?"

"नाही," मी म्हणाले.

का म्हणाले? अहो, कुठल्या तोंडानं खरं सांगू? डॉक्टर आमच्या मंडळीतले नव्हते, पण त्यांचे कंपाउंडर होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या आवारात झालं असतं. तीन आठवड्यांवर चर्चचा कापणीचा सण होता आणि सातासमुद्रापारच्या त्या मंडळीतले चार पाहुणे त्यासाठी येणार होते. बरी झालेली एस्तेर त्यांना बघायची होती. मी खोटी ठरले तर यांची जीप, यांचं सांगणं, सगळंच खोटं ठरेल, असं मला वाटायचं. मरण परवडलं, पण देवाचं नाव खराब नको. असा माझा हिशेब होता. आता वाटतं, नाव देवाचं नव्हतं, माझंच होतं.

डॉक्टर मुंबईच्या कागदपत्रांना लागले. मी पडून राहिले. रोज थोडं रक्त पडायचं. सासूबाई रूथला घेऊन यायच्या, पण तिला आत सोडत नसत. ती खिडकीच्या गजांना धरून म्हणायची, "आई, घरी चल ना." मी हात हलवायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची. माझं वजन सदतीस किलोवर आलं. प्रार्थनेला शब्द सुचत नव्हते. देवाशी खोटं कसं बोलणार, आणि खरं बोलायची हिंमत नव्हती.

शेजारच्या खाटेवर देवळ्याच्या गंगूबाई होत्या, कांदे पिकवणाऱ्या घरातल्या. यांच्याशी चालणारी माझी कुजबुज त्यांनी सगळी ऐकली होती. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाल्या, "खोटं बोलीसन खोकला जास का माय?" मी त्यांच्यावर तडकले. म्हटलं, तुम्ही तुमचं बघा. दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे सुरगाण्याहून आले. स्टुलावर बसले. आणलेला जेवणाचा डबा उघडला नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"जनी नावाची बाई आहे पाड्यावर. तिलाही क्षय आहे. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या. तिनं सोडल्यात."

"का?"

हे म्हणाले, "मी तुझी साक्ष सांगितली होती. म्हणाली, त्या बाईला गोळ्यांशिवाय बरं केलं, मला पण करंल तुमचा देव. उठून बसवत नाही गं तिला आता. मला बघून हसली. वाट बघतेय बरं व्हायची."

मला धाप लागली. मी उठून बसले आणि नर्सला ओरडून सांगितलं, डॉक्टरांना बोलवा. हे म्हणत होते, शांत हो, शांत हो. मी म्हटलं, "शांत राहूनच तर हे झालंय!"

डॉक्टर आले. मी सगळ्या वॉर्डासमोर सांगितलं, दोन महिन्यांनी गोळ्या सोडल्या, आठ महिने एकही घेतली नाही. ते म्हणाले, "बारा दिवस फुकट घालवलेत तुम्ही." आणि तिथंच उभ्यानं इंजेक्शन लिहिलं.

यांना मी त्याच पावली परत पाठवलं. "जनीला सांगा, एस्तेर खोटं बोलली. सांगा, एस्तेरच मरायला टेकलीय. गोळ्या चारूनच या."

हे गेले. जनीनं गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पण फार उशीर झाला होता. सहा आठवड्यांनी ती गेली.

मी सगळं कबूल करून पाळकसाहेबांना चिठ्ठी लिहिली आणि पाहुण्यांसमोर वाचायला सांगितलं. ते आधी म्हणाले, सण होऊन जाऊ दे. मी म्हटलं, तोवर आणखी कुणी जनी गोळ्या सोडेल. कापणीच्या सणाला त्यांनी ती भर सभेत वाचली. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "डॉक्टरांचं पत्र न बघता ही साक्ष आम्ही छापली. दोष माझाही आहे." मदत थांबली नाही. तिकडच्या म्हातारीचं पत्र आलं, मी आता रोज सकाळी देवाला विचारते, एस्तेरनं गोळी घेतली का. ते वाचून मी कित्येक दिवसांनी हसले आणि हसता हसता रडले.

औषधं लागू पडली. कल्चरचा निकालही बरा आला. अठरा महिने मी एक दिवस चुकवला नाही. मळमळायचं, तोंड कडू व्हायचं, तरी नाही.

ते संपल्यावर मी पहिल्यांदा जीपमध्ये बसून सुरगाण्याला गेले. जनीची सासू दारात नागली, म्हणजे नाचणी, पाखडत होती. यांनी माझं नाव सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू बेस झालीस ना?" ती म्हणाली. "मंग ती का नाय झाली?"

किती उत्तरं पाठ करून गेले होते मी. देवाची इच्छा, स्वर्ग, पुनरुत्थान. ती सगळी तशीच राहू दिली. मी खाली मातीत बसले आणि म्हणाले, "मी गोळ्या घेतल्या. तिनं माझं ऐकून सोडल्या."

म्हातारी रडली नाही. मला हाकललंही नाही. आत गेली आणि जनीच्या सात-आठ वर्षांच्या पोरीला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. पोर खोकत होती, तिच्या मुठीत सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांची पुडी होती. म्हातारीनं तिला माझ्यासमोर बसवलं.

"हिला सांग," ती म्हणाली. "किती दिस घ्यायच्या, तुझ्या तोंडानं सांग."

"दीड वर्ष, बाळा," मी म्हणाले. "बरं वाटलं, तरी दीड वर्ष."