प्लग बंद, वायसर बसला

मागच्या रविवारी सकाळी मी एक लिटर कोरं इंजिन ऑइल मोटारसायकलच्या वरच्या तोंडातून ओतलं आणि ते खालच्या तोंडातून तितक्याच शिस्तीत बाहेर आलं. ड्रेन प्लग माझ्या शर्टाच्या खिशात होता.

मी फौजेत चोवीस वर्षं व्हेईकल मेकॅनिक होतो. ही माहिती मी शेजारच्या कुलकर्ण्यांना ऑइल ओतण्याच्या जरा आधीच दिली होती. कुलकर्णी पुण्याचे. इथे व्हाइटफील्डमध्ये आयटीत आहेत, आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. "गॅरेजला कशाला जायचं? घरच्या घरी करायचं," असंही मी त्यांना सुनावलं होतं.

कुलकर्णी खाली वाकले. ट्रेमध्ये जुन्या काळ्या तेलावर नवं सोनेरी तेल पसरत होतं.

"काका, हे इंजिन आतून धुवायचं फ्लशिंग का?"

"हो," मी म्हणालो.

पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून सुमनचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आवाज आला. "फ्लशिंग कसलं, कुलकर्णी! आज मोठ्यानं बोलायचं विसरलेत ते."

तिचं बरोबर होतं. नवा डबा उघडण्याआधी प्लगवर हात ठेवायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "प्लग बंद, वायसर बसला." इतकी वर्षं मी ते म्हणत आलो. त्या दिवशी परक्या माणसासमोर लाज वाटली. लाजेची किंमत एक लिटर.

कुलकर्ण्यांनी भल्या मनानं उपाय सुचवला. "आता कामातूनच गेलंय ना? मग ओता तिकडे." त्यांनी पावसाच्या पाण्याच्या जाळीकडे बोट दाखवलं.

"नाही!"

आवाज परेड ग्राउंडचा निघाला. कुलकर्णी दचकून सावधान झाले. मला वाईट वाटलं. त्यांना वर नेलं, सुमनने चहा टाकला, आणि मी त्यांना हवालदार बसाप्पाची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितो.

तेव्हा मी नाईक होतो. पोस्टिंग उत्तर सीमेवर, एका खिंडीच्या पायथ्याशी. चार ट्रक, दोन मोटारसायकली, एक जनरेटर. त्या सगळ्याचा बाप म्हणजे बसाप्पा. अथणीकडचा. घरी कन्नड, आमच्याशी मराठी, गाडीशी दोन्ही. प्लगवर हात ठेवून "प्लग बंद, वायसर बसला" असं मोठ्यानं म्हटल्याशिवाय तो कोणाच्या हातात नवा डबा द्यायचा नाही. नवा डबा रिकामा झाला की तो रात्रभर फनेलवर पालथा घालायचा. खाली साठलेल्या चार थेंबांवर मोटारसायकलची चेन आठवडाभर खूष. जुनं काळं तेल तो कापडातून गाळून जेरीकॅनमध्ये भरायचा, कॅनवर पांढरी फुली मारायचा आणि लंगरच्या, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या, मागे ताडपत्रीखाली रचायचा. मागच्या डेपोला जाणारा ट्रक ते घेऊन जायचा. हिवाळ्यात रस्ता बंद झाला की कॅन वाढत जायचे.

आम्ही त्याला 'पंपवाला' म्हणायचो. नाव मीच ठेवलं होतं.

एकदा मी विचारलं, "अण्णा, नाल्यात ओतून का देत नाही? कोण बघतंय इथं?"

त्याने पाना खाली ठेवला. "नाल्याचं पाणी खाली कुठं जातंय?"

"खालच्या पोस्टला. मग गावाला."

"त्यांच्या चहात ओतून येशील काय? जा की मग. मी स्वल्प थांबतो."

मी गेलो नाही.

जानेवारीत इन्स्पेक्शनची बातमी आली. सुभेदार साहेबांनी ताडपत्री उचलली आणि नाक दाबलं. "बसाप्पा, ये कबाड परसों तक दिखना नहीं चाहिए."

"जी साब," बसाप्पा म्हणाला आणि त्याने सगळे कॅन हेलिपॅडच्या खालच्या बाजूला, दगडांच्या आडोशाला नेऊन ठेवले. वाहून नेताना माझी कंबर धरली. मी वाटेत त्याला बरंच काही बोललो. त्यातलं इथे लिहिण्यासारखं काही नाही.

इन्स्पेक्शन झालंच नाही. आदल्या दिवशी बर्फ सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या सिपाही रवीला धाप लागली. वरच्या पोस्टवरून नुकताच उतरला होता. नर्सिंग असिस्टंटने छातीला कान लावला. छातीत पाणी भरत होतं. उंचीवरचा आजार. एकच औषध, लवकरात लवकर खाली नेणं. रस्ता दरड पडून बंद. ऑक्सिजनचा एकच सिलिंडर, तोही अर्धा. रवीचे ओठ निळे पडले होते. मेजर साहेबांनी वायरलेस सेटवर हेलिकॉप्टर मागितलं.

तीनच्या सुमारास आवाज आला. आम्ही रवीला स्ट्रेचरवर हेलिपॅडच्या कडेला आणलं होतं. ढग जरा फाटले होते, पण जमीन, डोंगर, हेलिपॅड सगळं एकाच रंगाचं. आम्ही फावड्यांनी काढत होतो, बर्फ मागून भरत होता. स्मोक कँडल दोन होत्या. पहिली दमट निघाली. दुसरी पेटली, पण तिचा धूर पांढरा. पांढऱ्यावर पांढरा.

सेटवर पायलट बोलला. "हेलिपॅड नॉट इन साइट. आय सी ओन्ली व्हाइट."

मेजर साहेब म्हणाले, "वेट वन."

"निगेटिव्ह. फ्युएल फॉर वन मोअर पास."

मेजर साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. बसाप्पा तोपर्यंत तिथे नव्हताच. तो दगडांच्या आडोशाला पोहोचला होता.

"नाईक! गोणपाट आण! डिझेल आण!"

मी पळालो. त्या उंचीवर पळणं म्हणजे काय, ते माझ्या फुप्फुसांना विचारा. गारठ्याने तेल काकवीसारखं घट्ट झालं होतं. बसाप्पाने कापलेल्या डब्यांमध्ये रेती भरली, त्यावर तेल ओतलं, डिझेलमध्ये भिजवलेलं गोणपाट खोचलं. काडी विझली. दुसरी विझली. तिसरी त्याने कोटाच्या आत धरून पेटवली. कोटाची बाही जळाली, गोणपाट धरलं.

मग धूर निघाला. इतका काळा धूर मी आयुष्यात पाहिला नाही. डब्यामागून डबा पेटला. पांढऱ्या जगात एक काळा खांब उभा राहिला आणि वाऱ्याने हेलिपॅडपासून पलीकडे कलला. कुठे उतरायचं ते पायलटला कळलंच, वारा कुठला आहे तेही कळलं.

"ब्लॅक स्मोक इन साइट," सेट बोलला. "कमिंग इन."

हेलिकॉप्टर उतरलं. रवीला आत चढवलं. पंखे थांबलेच नाहीत. पुढच्या मिनिटाला ते खिंडीच्या तोंडातून बाहेर होतं.

आम्ही टोप्या उडवल्या. कोणीतरी जयघोष दिला आणि सगळी पोस्ट ओरडायला लागली. सुभेदार साहेबांचं तोंड काजळीने माझ्यापेक्षा काळं झालं होतं. त्यांनी बसाप्पाला मिठी मारली. "तेरा कबाड, बसाप्पा! तेरा कबाड!"

"जी साब," बसाप्पा म्हणाला. "परसों तक नहीं दिखेगा."

संध्याकाळी सेटवर निरोप आला. सिपाही रवी स्टेबल. त्या रात्री लंगरमध्ये शिरा झाला. पंपवाला हे नाव मी त्या शिऱ्याबरोबर गिळलं.

पुढच्या हिवाळ्यात अडकलेला ट्रक काढताना वरून बर्फाचा कडा कोसळला. हवालदार बसाप्पा ट्रकच्या खाली होता, चेन लावत होता. आम्हाला तो दुसऱ्या दिवशी सापडला. पाना हातात होता.

रवी त्याआधीच बरा झाला होता. सुट्टीवर निघताना मला निपाणीला घरी घेऊन गेला आणि आईला म्हणाला, "ह्यांनी डिझेल आणलं होतं." बसाप्पाचं लग्न झालेलं होतं, म्हणून असेल, आईने आपली मुलगी मला दिली. तीच ही सुमन.

कुलकर्ण्यांचा चहा केव्हाच गार झाला होता. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही अजून ते तेल पेटवायला साठवता?"

"छे. तेव्हा माणूस जात होता म्हणून पेटवलं. एरवी तो धूर विषच. इथल्या शिवाजीनगरला एका वर्कशॉपमध्ये लायसनवाला माणूस येतो, जुनं तेल घेऊन जातो. कॅन भरला की मी तिथे नेऊन देतो."

"आणि जाळीत ओतलं तर?"

"मागच्या तळ्यात जातं," सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली. सुमन माझ्या पान्यांवर, मळक्या चिंध्यांवर, तीन फनेलांवर रोज बोलते. स्वयंपाकघरामागच्या युटिलिटीतल्या पांढऱ्या फुलीच्या कॅनवर लग्नापासून आजवर एक शब्द बोललेली नाही. महिन्यातून एकदा ती तो पुसते.

या रविवारी पार्किंगमध्ये पाच मोटारसायकली उभ्या होत्या. कुलकर्ण्यांनी बिल्डिंगच्या ग्रुपवर काय लिहिलं कोण जाणे. प्रत्येकाच्या हातात पाना, खाली ट्रे, आणि माझा कॅन मध्यभागी. जाळीवर कुलकर्ण्यांनी स्वतः पोतं अंथरलं होतं. एक थेंब सांडला नाही. कॅन गळ्यापर्यंत भरला.

मी नव्या डब्याचं झाकण फिरवायला लागलो, तेवढ्यात वरून आवाज आला.

"अहो, थांबा! बसाप्पा अण्णांनी तुमच्या हातात डबा दिलाच नसता. आधी बोला, सगळे बोला, मोठ्यानं. प्लग बंद?"