लाकडी बैलाचा डावा डोळा

आमच्या सौंसरच्या घरी तान्ह्या पोळ्याला मुलं मिरवतात तसला लाकडी बैल आहे. तो बाबांनी रंगवला होता. बाबा गेल्यावर त्याचे पोपडे निघू लागले आणि माझा जीव टांगणीला लागला. मी मुळातच घाबरट. खुर्ची करकरली तरी मला ती मोडल्याचा भास होतो. बैलाचे डोळे तेवढे अजून काळेभोर होते. बाबांच्या हातची तेवढीच खूण उरली होती. एरवी नोकरीच्या गावाहून मी ऐन पोळ्याच्या दुपारी उगवतो. या वर्षी ते डोळे वाचवायला दोन दिवस आधीच बस धरली.

नागपूरला जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका मैत्रिणीने मला ॲक्रिलिक राळेचे पारदर्शक दाणे दिले होते. ते ॲसिटोनमध्ये विरघळवायचे आणि ब्रशने पातळ हात द्यायचा, म्हणजे रंग जागच्या जागी राहतो. ‘चुकलं तर त्याच ॲसिटोनने पुसता येतं,’ असं ती म्हणाली होती. त्या एका वाक्यावर मी विसंबलो.

बाहेर पावसाची झड लागली होती. दोन्ही डोळ्यांवर हात दिला. उजवा छान चमकला. डावा मात्र पाच मिनिटांत दुधाळ झाला, मोतीबिंदू काढण्याआधी आईचा दिसायचा तसा. मैत्रिणीला फोन लावला.

“एवढ्या ओलीत कशाला लावलंस? आता पूस, पण जपून. खालचा रंगही सुटू शकतो.”

म्हणजे आगीतून फुफाट्यात. कापसाचा बोळा भिजवून डोळ्यावर टेकवला. उचलून पाहिला तर काळा! बाबांचा डोळा मी माझ्या हाताने पुसला होता. मला अक्षरशः रडू फुटलं.

“कायचा वास येऊन राहिला रे?” आई आत आली. मी बोळा पुढे केला. “बाबांचा रंग गेला गं.”

तिने तो काळा डाग बोटांवर चोळून पाहिला.

“हे तं काजळ हाय. तुह्या बाबाचा रंग कवाचाच गेला. दरसाली पोळ्याच्या पहाटे मीच भरतो.”

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. दर पोळ्याला तिच्यासमोर बैल धरून मी म्हणत आलो होतो, ‘बघ, बाबांचा हात!’ आणि तिने एकदाही मला अडवलं नव्हतं.

तिने उजव्या डोळ्यावरून बोट फिरवलं.

“ह्या गुळगुळीतावर माहं काजळ बसन का रे?”

मी नवा बोळा भिजवला आणि उजवा डोळाही पुसून काढला.