कांद्याच्या चाळीतला तडतड्या

पळणाऱ्याकडं पाठ करून पळायला शिकवणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला मैत्रिणीचा धाकटा भाऊ म्हणून आला. बारामतीपासून पळसदेवपर्यंत पोलीस भरतीची पोरं घडवणारे मास्तर पुष्कळ आहेत. त्यांच्या गळ्यात शिट्टी असते, हातात घड्याळ असतं, तोंडात शिवी असते. याच्याकडं यातलं काहीच नाही. पोरं पळायला लागली की हा गडी तोंड फिरवून उजनी धरणाच्या पाण्याकडं उभा राहतो, डोळे मिटतो आणि पायांचा आवाज ऐकतो. मग न वळता निकाल देतो, "डावीकडच्याची टाच आधी पडतीय. मधला घरी भांडून आलाय. कडंचा पळत न्हाय, नुसता घाबरलाय." पोरं एकमेकांकडं बघत राहतात, कारण मधल्याचं सकाळीच बापाशी वाजलेलं असतं.

माणसं चेहऱ्यावरून ओळखायची असतात हे त्याला लहानपणी कुणी सांगितलंच नसावं. अंथुर्ण्याला आमच्या पुतण्याच्या लग्नात तो मांडवात डोळे मिटून बसला होता. सगळ्यांना वाटलं, जेवण अंगावर आलंय. नवरदेव मांडवात शिरला तसा हा डोळे न उघडता मला म्हणाला, "आक्का, पोराच्या पायातला बूट त्याचा न्हाय." मी त्याला गप्प बसवलं. संध्याकाळी कळलं की स्वतःचा बूट ऐनवेळी चावायला लागला म्हणून पुतण्यानं मामाचा ढगळा बूट चढवला होता. बोटांना तर त्याच्या कधी विश्रांतीच नाही. एसटीच्या दांडीवर, चहाच्या पेल्यावर, शेजारी उभ्या असलेल्या शेळीच्या पाठीवर, कुठंही ती नाचत असतात. एकदा मयतीच्या घरी बसल्या बसल्या धान्याच्या पत्र्याच्या डब्यावर सुरू झाला. त्याच्या बायकोनं हात धरून ठेवले, तर यानं पायानं चालू केलं.

हा नाद त्याला लागला बारामतीच्या एमआयडीसीत. तिथल्या एका कारखान्यात तो कामाला होता, मोटारसायकलवरून जायचा-यायचा. फौजेतून आलेल्या वॉचमननं आपल्या खोलीत बॉक्सिंगचा स्पीडबॉल टांगला होता. डोक्याच्या वर एक आडवी लाकडी फळी, तिच्या खाली वादीनं लोंबकळणारा, भरताच्या वांग्याएवढा कातडी चेंडू. बुक्की मारली की तो फळीवर पुढं-मागं आपटून परत येतो, आणि हात नेमके पडत गेले की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा एकसंध आवाज निघतो. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा हा गडी डबा हातात धरून, पाळीची वेळ विसरून तिथंच उभा राहिला म्हणे. वॉचमन आपल्या गावी परतला तेव्हा चेंडू याला देऊन गेला. यानं तो पळसदेवला, स्वतःच्या कांदे साठवायच्या रिकाम्या, पत्र्याच्या चाळीत टांगला आणि पळायला आलेल्या पोरांना बुक्क्या मारायला लावलं. गावानं चेंडूचं नाव ठेवलं तडतड्या. चेंडूवाल्याचं काय ठेवलं ते इथं लिहीत नाही.

"पाय हाताचं ऐकत्यात, आक्का," हे त्याचं शास्त्र. "मूठ आवळली की मांडी आवळती. हाताला ताल गावला की पाय त्याच्या मागनं जात्यात." बारामतीच्या एका क्रीडाशिक्षकांना मी हे विचारलं होतं. ते भले गृहस्थ. म्हणाले, आजी, तो चेंडू खांद्याला बरा, नजरेला बरा, पण पायाचा वेग पळूनच वाढतो. मला ते पटलं. आजही बरंचसं पटतं. पण त्या शिक्षकांनी तडतड्या ऐकला होता तो जिममध्ये, पंख्याखाली. त्यांनी तो पळसदेवला, भर दुपारी ऐकलेला नव्हता.

ती चाळ अगदी पाण्याच्या कडेला आहे. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं तसं आधी जुन्या देवळाचं शिखर वर येतं, मग खांब, आणि मग आमच्या बुडालेल्या गावाची गल्ली उघडी पडते. भेगाळलेला गाळ, घरांची जोती, आत-बाहेर काहीच न उरलेले उंबरे. ऊन असं की सावलीसुद्धा पायाखाली येऊन लपते. अशा वेळी वारा पडला की तो पोरांना तडतड्या वाजवायला लावायचा. आवाज पाण्यावरून जायचा, देवळाला लागायचा आणि परत यायचा, पण परत येताना जरा निराळा होऊन यायचा. त्या वेळेला मासेवाले तिकडं जाळं टाकायचे नाहीत. त्यांतल्या एकानं मला सांगितलं, "मावशी, वरनं वाजतंय ते वाजू दे. पण खालनं कोण जाब देतंय?" मी त्याला हसले. हसता हसता पदर मात्र डोक्यावर घट्ट ओढून घेतला.

त्याच गल्लीत मी आणि त्याची बहीण लहानपणी पळायचो, देवळापासून शाळेच्या पायरीपर्यंत. त्या वयात मी स्वतःला हरीण समजत असे. वास्तविक पळताना मी डोक्यावरून घसरत चाललेल्या घागरीसारखी दिसायची. शर्यतीत माझा नंबर कायम दुसरा, आणि घरी मी ते मोठ्या थाटात सांगायची. शर्यतीला दोघीच असायच्या, एवढंच फक्त सांगायचं राहून जायचं. ती मात्र खरी पळायची. हात असे सैल, की तळव्यात चिमणीचं पिलू धरलंय. डावं कोपर जरा बाहेर, जिभेचं टोक दातांत. मला वाटायचं, हिची सगळी जादू त्या कोपरात आहे. म्हणून मी तिचं कोपर जसंच्या तसं उचललं, तिचे हात उचलले, जीभ चावून दोन दिवस कालवणाशिवाय भाकरी खाल्ली. माझी स्वतःची अशी भर फक्त पडण्याची. तिचा भाऊ आमच्या मागून चड्डी सावरत पळायचा, बहिणीची वेणी धरायला. ती कधी त्याच्या हाताला लागली नाही. धरणासाठी गाव उठायच्या आधीच्या पावसाळ्यात ती तापानं गेली.

आता माझ्या नातीचं. पोरगी एमआयडीसीत दुधाच्या पिशव्या भरायच्या कामाला जायची आणि खाकीचं स्वप्न बघायची. मागच्या भरतीत लांब पल्ला निघाला, गोळा निघाला, शंभर मीटरला घोडं अडलं. वय निघून चाललं होतं, ही शेवटचीच संधी. तिनं घरात बोलून दाखवलं नाही, पण जेवताना तिच्या मुठी आवळलेल्या असायच्या, भाकरीचा तुकडासुद्धा मुठीतच. शेवटी मीच तिच्या स्कूटीवर मागं बसून तिला पळसदेवला घेऊन गेले.

त्यानं तिला कितीतरी दिवस पळूच दिलं नाही. नुसता तडतड्या. पहिल्या दिवशी चेंडू परत येऊन तिच्या नाकावर बसला आणि मी, तिची सख्खी आजी, पोट धरून हसले. पोरगी चिडली. म्हणाली, "आबा, मला पळायचंय, कुणाला मारायचं न्हाय." तो पाठमोराच म्हणाला, "मारू नगंस. मूठ उघड. चेंडू आपणहून येतो." तिचा ताल काही केल्या जुळेना. उजवा हात जड पडायचा. गल्लीत पळवलं की पायही तसेच, एक हलका, एक जड. भरती जवळ आली. त्याची बोटं थांबली. त्याच्या बायकोनं मला बाजूला घेऊन विचारलं, यांना बरं नाही का.

एका दुपारी तो नातीला घेऊन गल्लीत उतरला होता. चाळीत मी एकटी. इकडं तिकडं बघितलं, पदर खोचला आणि तडतड्याला एक बुक्की ठेवून दिली. म्हातारपणी माणसाला अक्कल येते हे खोटं आहे, आधीची तेवढी जरा थकते. पहिल्यांदा चष्मा उडाला. तो पदरात बांधला आणि पुन्हा लागले. मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. हात सैल पडले, डावं कोपर बाहेर गेलं, जीभ दातांत आली आणि चेंडू वाजायला लागला. मी वाजवत नव्हते, तो वाजत होता. खालून देऊळ जाब देत होतं. आणि पत्र्याच्या मागून, अगदी जवळून, त्याचा आवाज आला.

"तायडे, हळू. वादी जुनी हाय."

मला उभ्या आयुष्यात त्यानं आक्का सोडून दुसरी हाक मारलेली नाही. तायडे तो एकीलाच म्हणायचा. माझे हात खाली आले. चेंडू दोन-चार वेळा आपटून थांबला. तो पत्र्याला वळसा घालून आत आला आणि मला बघून दारातच उभा राहिला. चेहरा असा, की कुणीतरी आत्ताच त्याचा हात सोडून गेलंय. मग तो दाराच्या खांबाला टेकून म्हणाला, "कारखान्यात पहिल्यांदा ऐकला, तवा वाटलं, ही तीच. पळती तशीच. म्हणून आणला हितं. इतक्या पोरांनी वाजवला, आक्का. एकाच्याबी हातनं ती आली न्हाय."

मी त्याला सांगितलं, अरे, मी तिची नक्कल करायची, लहानपणी, कोपरासकट. माझ्या अंगात माझं असं पळणं कधी नव्हतंच. हे सांगताना मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, "परत वाजवशील? पोरीला पळवतो."

त्यानं नातीला देवळापाशी उभं केलं आणि स्वतः शाळेच्या पायरीच्या जागी, तिच्याकडं पाठ करून उभा राहिला. मी वाजवायला लागले. चाळीच्या फटीतून मला गल्ली दिसत होती. पोरगी निघाली. आधी मुठी आवळलेल्या, मग मध्येच कुठंतरी सुटल्या, तळवे उघडले, आणि तिच्या पायांचा आवाज चेंडूच्या आवाजात असा मिसळला की वेगळा काढता येईना. ती त्याच्याजवळून पुढं निघून गेली. तो वळला नाही. जरा वेळ थांबून, दुसऱ्या कुणाला वाट द्यावी तसा एक पाऊल बाजूला झाला.

भरतीपर्यंत मी रोज वाजवत राहिले. खांद्यांना बाम लावून झोपायचं, सकाळी परत स्कूटीवर. निकाल लागला, यादीत पोरीचं नाव आलं. क्रीडाशिक्षक म्हणाले, सराव, आजी, दुसरं काही नाही. मी हो म्हटलं. सराव तर होताच.

पेढे घेऊन आम्ही पळसदेवला गेलो. त्यानं पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही. नातीला विचारलं, "पोरी, मैदानात तडतड्या न्हवता. मग कशावर पळालीस? मागनं कुणी येतंय असं वाटलं का?"

तिनं पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. मग जे सांगितलं ते ती मलाही आधी बोलली नव्हती.

"मागं न्हवतं कुणी, आबा," ती म्हणाली. "पुढं हुतं."

त्यानं मान हलवली. "व्हय. ती पुढंच असायची." आणि मग पेढा खाल्ला.

आता पोरगी ट्रेनिंगला गेली आहे. पाणी परत चढलं, गल्ली गेली, खांब गेले, शिखराचं तेवढं टोक दिसतं, तेही एक-दोन दिवसांत जाईल. पळायला येणारी पोरं डांबरी रस्त्यावर पळतात. मला खरं तर तिकडं जायचं काही कारण उरलेलं नाही. तरी मी एसटीनं जाते. तो चाळीच्या दारात पाण्याकडं तोंड करून बसतो, मी आत जाते, चष्मा पदरात बांधते आणि वाजवते. चेंडूनं पळणारा जोरात पळतो का, हा वाद आम्ही कधीच सोडून दिला.

परवा खांदा भरून आला म्हणून मी लवकर थांबले. हात खाली घेतले, पदरानं कपाळ पुसलं. चेंडू चारदोनदा फळीवर आपटला, थांबेल असं वाटलं, आणि परत आपटला. वारा नव्हता. मी माझे दोन्ही हात समोर धरून बघत उभी राहिले.

तो पाण्याकडंच बघत होता. हळू आवाजात म्हणाला, "तू बस, आक्का. तू दमलीस. ती न्हाय दमली अजून."